जेनेरिकला नाक मुरडण्याआधी

‘जेनेरिकचा (म्हणजे ब्रँडशिवाय, मूळ नावाने मिळणाऱ्या औषधाचा) भरवसा नाही, ब्रँडचीच गोळी घ्या’ हा सल्ला भारतात आजही छातीठोकपणे दिला जातो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा विषय असला की हमखास. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहायला सांगितलं, त्याच महिन्यात तो नियम स्थगितही झाला, आणि वाद तिथेच अडकून पडला. अमेरिकेत बसून तो वाचताना संताप येतो.

कारण इथे अपिक्सबॅन ही रक्त पातळ करणारी गोळी म्हणजे फक्त एलिक्विस, तिचा एकच ब्रँड. बंगळुरूच्या मायक्रो लॅब्जच्या जेनेरिकला अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, डिसेंबर २०१९ मध्येच मान्यता दिली, पण पेटंटच्या खटल्यांमुळे १ एप्रिल २०२८ पर्यंत ते दुकानात येणार नाही. भारतात पेटंट सप्टेंबर २०२२ मध्ये संपलं, आणि आता अनेक कंपन्या ही गोळी बनवतात. इथे २०२३ मध्ये महिन्याच्या गोळ्यांची छापील किंमत ५२१ डॉलर होती. सरकारने कंपनीशी केलेल्या वाटाघाटीनंतर मेडिकेअरसाठी, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांच्या सरकारी विम्यासाठी, ती जानेवारी २०२६ पासून २३१ झाली. कंपनीचं सवलतीचं को-पे कार्ड खासगी विम्यावरच चालतं. पार्ट डीवाल्यांनी (मेडिकेअरचा औषधांचा विमा असलेल्यांनी) खिशातून भरायच्या औषधखर्चाची वर्षाची मर्यादा, २०२६ साठी २,१०० डॉलर, महिन्यांत विभागून घ्यायची तर जानेवारीतच नाव नोंदवावं, नाहीतर पहिल्या महिन्यांतच मोठी बिलं येतात.

‘डॉक्टरांनी फक्त मूळ नाव लिहिलं तर केमिस्ट स्वतःच्या नफ्याची कंपनी देईल’ हा आक्षेप मात्र खरा आहे. त्यावर उपाय सोपा आहे: चिठ्ठीवर मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहून घ्या, जनऔषधी केंद्रात आधी विचारा, एक कंपनी ठरली की तीच धरून ठेवा, बिल घ्या. वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या जुन्या गोळीच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं. कंपनी बदललीच, तर आठवड्याभरात आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी रक्ततपासणी) तपासा. गोळी स्वस्त असते, खर्च तपासण्यांचा असतो, म्हणून तपासण्या टाळल्या जातात आणि तिथेच घात होतो. हृदयात धातूची झडप बसवलेल्यांना वॉरफरिन किंवा त्याच जातीचं असिनोकुमॅरॉलच लागतं. त्यांनी अपिक्सबॅनसारख्या नव्या गोळ्यांच्या मागे लागू नये.

पैसे वाचवायला अपिक्सबॅन दिवसातून दोनदाऐवजी एकदाच घेणं ही सगळ्यात महागडी काटकसर. तिचा अर्धा असर बारा तासांत ओसरतो, आणि गुठळीला तेवढी फट पुरते. ॲस्पिरिन हा तिचा पर्याय नाही. रिव्हरोक्सबॅन या दुसऱ्या नव्या औषधाची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी रिकाम्या पोटी नीट शोषली जात नाही. एकादशीलाही ती पोटभर फराळासोबतच घ्या. डॅबिगॅट्रान या तिसऱ्या नव्या औषधाची कॅप्सूल मूळ पाकिटातच ठेवा, उघडून पूड करू नका.

दूर राहून सल्ले देणारे आम्ही कोण, हा प्रश्न रास्त आहे. इतकी वर्षं झाली तरी औषधाच्या बिलाचा हिशेब मनात रुपयांतच होतो, आणि घरची चिंता तर त्याहून जास्त. इथे मुक्कामाला येणाऱ्या आईवडिलांसाठी मात्र एक गोष्ट आग्रहाने सांगतो: असिनोकुमॅरॉल अमेरिकेत विकतच नाहीत. वॉरफरिनशी त्याचे मिलिग्रॅम जुळत नाहीत, मात्रा नव्याने बसवावी लागते. पूर्ण मुक्कामाच्या आणि वर पंधरा दिवसांच्या गोळ्या, मूळ नाव लिहिलेली चिठ्ठी आणि शेवटचा आयएनआरचा कागद हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या नाही.