काका, भंगाराच्या पात्याबद्दल तुमचं बरोबर, पण पैशांबद्दल नाही

काका, नमस्कार. इथे अमेरिकेत घरीच ब्रॉडहेड (शिकारीच्या बाणाचं धारदार पोलादी टोक) बनवण्यावरच्या माझ्या पोस्टखालची तुमची कमेंट दोनदा वाचली, पहिल्यांदा डोकं फिरलं, दुसऱ्यांदा चहा घेऊन बसलो. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. भोसरीत हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये 30 वर्षं काढलेल्या काकांचं म्हणणं असं की जुन्या करवतीच्या पात्यातून ब्रॉडहेड कापायचे, गॅरेजमध्ये चुंबक लावून अंदाजाने पाणी द्यायचं (म्हणजे तापवून तेलात बुडवून कडक करायचं) आणि हरणावर सोडायचे हा पोरखेळ आहे, बरगडीवर मोडलं तर जनावर हाल होऊन मरणार, आणि हे कशासाठी तर 40 डॉलर वाचवायला.

करवतीचं मान्य, एकदम मान्य. कुठल्या ग्रेडचं पोलाद आहे ते त्या पात्यावर लिहिलेलं नसतं, आणि हल्लीच्या कार्बाइडवाल्या पात्यात कडक असतात ते फक्त दात, अंगात कार्बन किती ते बनवणाऱ्यालाच ठाऊक. तो पॅरा मी पोस्टमधून काढलाय. मी स्वतः गेली काही वर्षं 1084 ची (ही कार्बन पोलादाची एक ग्रेड) 1.6 मिमी पट्टी विकत आणतो, पण पोस्टमध्ये स्वस्तातला मार्ग म्हणून करवत घुसडली, ती माझी चूक.

चुंबकाचंही तुमचं खरंय. तापलेलं पोलाद साधारण 770 डिग्रीला चुंबकाला चिकटायचं थांबतं आणि 1084 ला हवेत 815 च्या आसपास, म्हणजे चुंबक सुटलं की लगेच तेलात बुडवलं तर पातं अर्धकच्चंच राहतं, आणि घाबरून जास्त तापवलं तर दाणा (पोलादाच्या आतला कण) मोठा होतो. हे मी पुस्तकातून नाही शिकलो हो. पहिल्या वर्षी एक तुकडा व्हाइसमध्ये धरून हातोडीने मोडला तर आतून जाड्या रव्यासारखा चमचमत होता, तेव्हा कळलं की आपण भट्टीपुढे उगाच फुशारक्या मारत होतो. आता थर्मोकपल (भट्टीचं तापमान मोजणारा सेन्सर) लावलंय, आणि प्रत्येक हीटमध्ये पात्यांबरोबर एक फालतू तुकडा टाकतो, तो मोडून आतून राखाडी, मऊसूत दिसला तरच पुढचं काम. पातळ पट्टी तेलात पापडासारखी वाकते, म्हणून 5-6 सेकंदांनी बाहेर काढून दोन अॅल्युमिनियमच्या प्लेटांत दाबून ठेवतो. मग घरच्या ओव्हनमध्ये 260 डिग्रीला दोन-दोन तास, दोनदा (बायको त्या दिवशी ओव्हनला हात लावत नाही). पातं थोडं कमी कडक चालेल, पण ठिसूळ नको, हाडावर टवका उडण्यापेक्षा धार जराशी बसलेली परवडली.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, ती मीच सांगतो, कारण मला तिनेच जास्त छळलं. बाणाची दांडी ज्यात बसते ती नळी पात्याला जोडताना मी आधी ब्रेझिंग (खूप तापवून पितळेसारख्या धातूने जोडणं) करायचो. दिसायला झकास! पण त्या आचेने नळीजवळचं सगळं पाणी उतरतं, आणि एका मादीच्या फऱ्यावर बसलेलं पातं बरोबर त्याच जागी वाकून बाहेर आलं. हरीण 100 पावलांच्या आत सापडलं, नशीब. तेव्हापासून कथिल-चांदीचं सोल्डर वापरतो, ते 220 च्या आसपास वितळतं, म्हणजे 260 च्या खालीच, पाणी जागच्या जागी राहतं.

आता 40 डॉलरचं. अहो काका, ग्राइंडरचे बेल्ट, तेल, पट्टी, वाया गेलेले शनिवार, सगळं धरलं तर त्या पैशात रेडिमेडचा डबा भरून आला असता. माझं कारण वेगळं आहे. बनवायला लागायच्या आधी मी विकतचेच लावायचो, आणि एका संध्याकाळी पाकिटातून काढून तसाच लावलेला ब्रॉडहेड हरणाला लागला, मी रात्री दोनपर्यंत टॉर्च घेऊन रक्ताचे थेंब शोधत फिरलो आणि ते हरीण मला मिळालं नाही. घरी येऊन त्याच पाकिटातला दुसरा हातावर फिरवला तर एक केस कापला नाही. नेम थोडा मागे लागला होता हेही खरं, पण धार बघितली नव्हती हे त्याहून खरं. दोष पाकिटाचा नाही, माझा. आता स्वतः 25 डिग्रीची एकाच बाजूची धार लावतो, कानस, मग सहाण, मग चामड्यावर, आणि हातावरचे केस उडाले नाहीत तर ते पातं भात्यात जात नाही. रेडिमेडलाही हे करता येतं, करतातही लोक, मला मात्र बनवल्याशिवाय ती सवय लागली नाही.

डॉ. एड अॅशबींनी आफ्रिकेतल्या जनावरांवर बाणांच्या ज्या टेस्ट केल्या, त्यातही सगळ्यात वर हेच आहे की बाण आणि पातं मोडता-वाकता कामा नये, वजन आणि आकार नंतर. म्हणजे तुमच्याच बाजूचा माणूस! लांबी रुंदीच्या तिप्पट हे माझं माप त्यांच्याकडूनच घेतलंय, 28 मिमी रुंद आणि 84 लांब. इथे पेनसिल्व्हेनियात रुंदी निदान पाऊण इंचाहून थोडी जास्त, 7/8 इंच लागते, त्यात ते बसतं.

आणि भारतातून वाचणाऱ्यांनो, हे तिकडे करायच्या भानगडीत पडू नका, 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार हा गुन्हा आहे. मी इथे लायसन्स काढून, सीझनमध्ये करतो. शिकार करावीच का, यावर काका तुमचं-माझं जमणार नाही, ते राहू दे.

पुढच्या शनिवारी भट्टी लावतोय. मोडलेल्या तुकड्याचा जवळून फोटो टाकतो, दाणा बघून सांगा, आणि 815 ला किती वेळ धरू तेही सांगा, मी सध्या पाचेक मिनिटं धरतो.