हरभट रोडवरची पाच मीटर जागा

सांगलीत ‘पे अँड पार्क’चा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘गाडी घेताना टॅक्स भरलाय की, आता उभी करायचे कसले पैसे?’ आणि ‘पैसे लावले तर गिऱ्हाईक पेठेत फिरकणार नाही.’ दोन्ही शंका रास्त आहेत. सिंगापुरात राहून गाडीवरचे नाना तऱ्हेचे कर आणि शुल्कं पाहताना मात्र त्यांची उत्तरं मला वेगळी दिसतात.

आधी टॅक्स. महाराष्ट्रात पेट्रोल कारला किमतीनुसार 11 ते 13 टक्के कर एकरकमी भरावा लागतो. विश्रामबाग उपनगरात दारात झाकून ठेवलेली गाडी आणि पेठेत रोज दहा तास उभी असणारी गाडी, दोन्हींचा कर तोच. तो भरला की पुढे हिशेब उरतो फक्त पेट्रोलचा. सिंगापुरात गाडी बाळगण्याचा दहा वर्षांचा परवाना लिलावात घ्यावा लागतो. अलीकडे तो लाख सिंगापूर डॉलरच्या आसपास जातो, म्हणजे साठ-सत्तर लाख रुपये. त्याने गाड्यांची संख्या आवरली, पण एवढे पैसे ओतल्यावर माणूस ते वसूल करायला गाडी काढणारच. म्हणून वापरावरही आकार लागतो. 1998 पासून गर्दीच्या रस्त्यावर कमानीखालून जाताना पैसे आपोआप कापले जातात. हा आकार दर अर्ध्या तासाला बदलतो, आणि रस्त्यावरचा वेग मोजून तीन महिन्यांनी फेरविचार होतो. पूर्वी दर एकदम चढायचा किंवा उतरायचा, तेव्हा कुणी कमानीआधी रेंगाळायचं, कुणी सुसाट सुटायचं. 2003 मध्ये दोन दरांच्या मध्ये पाच मिनिटांचा मधला दर आणला.

सांगलीला या कमानी नकोत, परवान्याचा लिलाव तर नकोच. गणपती पेठेत आणि मारुती रोडवर वाट अडते ती उभ्या गाड्यांनी आणि जागा शोधत रांगणाऱ्या गाड्यांनी. तेव्हा पैसे लावायचे ते उभं राहण्याला.

हरभट रोडवरच्या एका दुकानासमोरची पाच मीटर जागा घ्या. तिथे एक कार मावते किंवा पाच-सहा दुचाकी. सकाळी दहाला मालकाची गाडी लागली आणि रात्री आठला निघाली, तर दिवसभरात ती जागा एका माणसाच्या कामी आली. तीच जागा चाळीस-चाळीस मिनिटांनी मोकळी होत गेली तर पंधरा गिऱ्हाइकं तिथे थांबू शकतात. फुकट पार्किंगने गिऱ्हाईक येतं असं मानणाऱ्या व्यापाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

दर ठरवण्याआधी महापालिकेने मोजणी करावी. एक साधा दिवस, एक संकष्टी आणि दिवाळीआधीचा एक दिवस निवडायचा. सकाळी नऊ ते रात्री नऊ, दर अर्ध्या तासाला एकाने वही घेऊन रस्ता चालायचा आणि प्रत्येक उभ्या गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे लिहायचे. सलग आठ फेऱ्यांत तोच नंबर दिसला, तर ती गाडी बहुधा गिऱ्हाइकाची नाही. माझ्या मते पहिली पंधरा मिनिटं फुकट असावीत, मग कारला पहिल्या तासाला 20, दुसऱ्याला 40, तिसऱ्याला 80 रुपये. दुचाकी जागाच पाचवा हिस्सा घेते, तिला दरही पाचवा हिस्सा. कॅलिफोर्नियातले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांची कसोटी सोपी होती: कधीही आलात तरी एखाददुसरी जागा मोकळी सापडेल, इतकाच दर. जागा ओस पडल्या तर दर उतरवायचा.

योजना बिघडते ती वसुलीत. वर्षाचा ठेका एकरकमी दिला की ठेकेदाराला पावत्या वाढवायच्या असतात. तो दुसरी रांगही लावू देतो. म्हणून माणूस पगारी, पावती गाडीच्या नंबराची, आणि यूपीआयचा पैसा थेट महापालिकेच्या खात्यात. पेठेत स्वस्त मासिक पास तर अजिबात नको. पहिले पास दुकानदारच काढतील आणि त्यांच्याच गाड्या पुन्हा दिवसभर उभ्या राहतील. पास द्यायचाच तर पेठेबाहेरच्या मैदानाचा द्यावा. आणि आजूबाजूचे बोळ त्याच दिवशी योजनेत घ्यावेत, नाहीतर गर्दी तिकडे सरकते.

पैसा कुठे जातो हा प्रश्न आपल्याकडे फार नाजूक आहे. शेजारच्या कोल्हापुरात शहरातल्या रस्त्यांच्या टोलविरुद्ध लोक वर्षानुवर्षं लढले आणि 2015च्या अखेरीस सरकारला तो रद्द करावा लागला. सिंगापुरात हा पैसा सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत जातो. सांगलीत ते कुणी खपवून घेणार नाही आणि घेऊही नये. इथे लंडनचा नियम बरा: गर्दीच्या भागात गाडी नेण्यासाठी 2003 पासून जो आकार घेतात, त्याचं निव्वळ उत्पन्न वाहतुकीवरच खर्च करण्याचं तिथे कायद्याने बंधन आहे. महिन्याची जमा आणि खर्च मारुती चौकात फलकावर लिहावा.

खर्च करायचा कशावर? सांगली-मिरज साधारण दहा किलोमीटर. लिटरला पन्नास किलोमीटर जाणाऱ्या दुचाकीला एका फेरीला वीस-एकवीस रुपयांचं पेट्रोल लागतं, डबलसीट असले तर माणशी दहा. एवढ्या भाड्यात बस तिच्याशी टक्कर देऊ शकत नाही. ती जिंकली तर वारंवारितेवरच जिंकेल. म्हणून पैसे दर दहा मिनिटांच्या बसला द्यावेत, आणि शेवटची बस दुकानं बंद झाल्यानंतरची हवी. रात्री साडेनऊला घरी जायला काही मिळत नसेल, तर दुकानातला कामगार सकाळी दुचाकीच काढणार.