कराहीची टूम

अमेरिकेतल्या जॉर्जियात घर घेतलेल्या मराठी बापाने तिथल्या कराही डोंगरावर एकदा तरी सहकुटुंब जावं. मात्र तयारी आधीपासून हवी. सोफ्यावर आडवं पडून दुसऱ्या महायुद्धातल्या छत्रीधारी सैनिकांची ती ‘बँड ऑफ ब्रदर्स’ मालिका सलग दोन रात्री बघा. पोटावर चकल्यांचा डबा असू द्या. दुसऱ्या रात्री दीडच्या सुमाराला आपली मुलं फारच लाडावली आहेत असं तुम्हाला वाटू लागेल. हीच ती वेळ. लगेच घरच्या ग्रुपवर टाका: ‘शनिवारी पहाटे पाच. सगळे.’ खाली बेटकुळीचं चित्र.

ही टूम तुमच्या डोक्यात आली म्हणून लाजू नका. त्या डोंगराला टूम नवीन नाही. पायथ्याच्या लष्करी तळाचं मूळ नावच मुळी कॅम्प टूम्ब्स. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या रॉबर्ट टूम्ब्स नावाच्या जनरलवरून ठेवलेलं. इंग्रजी कानाला ते थडग्यांसारखं ऐकू येई, आणि जवळच्या टकोआ गावात कारखाना होता तो शवपेट्यांचा. 1942 साली विशीतली पोरं आगगाडीतून उतरणार, शवपेट्यांच्या कारखान्यावरून जाणार आणि थडग्यांत मुक्काम करणार, हे त्या पोरांच्या रेजिमेंटचे प्रमुख कर्नल रॉबर्ट सिंक यांना काही बरं दिसेना. त्यांनी नाव बदलून घेतलं, कॅम्प टकोआ. शकुन-अपशकुन फक्त आपल्याकडेच मानतात असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी सांगितलं.

सिंकसाहेबांकडून शिकण्यासारखं खरं तर पुढेच आहे. त्यांनी रीडर्स डायजेस्टमध्ये जपानी सैनिकांच्या एका विक्रमी पायपिटीबद्दल वाचलं. आपली पोरं याहून जास्त चालतील असं त्यांना वाटलं. झालं. डिसेंबर 1942 मध्ये 506व्या पॅराशूट इन्फंट्री रेजिमेंटची दुसरी बटालियन टकोआहून थेट अटलांटापर्यंत पायी निघाली. 118 मैल, 75 तास, पाऊस आणि चिखल. वाचलं कर्नलने, चालली बटालियन. कुटुंबप्रमुखाने हे वाक्य फ्रिजवर लावावं.

त्यांच्यात आणि तुमच्यात एक किरकोळ फरक आहे, तेवढा दुर्लक्षित करा. त्या पोरांनी स्वतःहून नाव दिलं होतं, आणि विमानातून उडी मारायच्या कामाचे साध्या शिपायाला महिना 50 डॉलर जादा मिळत. तुमच्या बायकोने नाव दिलेलं नाही. चाळीस दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दोन थर्मास चहा करायला ती पहाटे साडेतीनला उठली आहे, त्याचेही काही मिळणार नाही. तिला फक्त विचारा, ‘अगं, अजून किती वेळ?’ शिस्त म्हणतात ती हीच.

गाडी उत्तरेला काढा. वाटेत कॉर्नेलिया गावात खांबावर एक भलंमोठं लाल सफरचंद बसवलेलं आहे. मुलं तिथे थांबू या म्हणतील. थांबू नका. युद्धात सफरचंदं नसतात.

पायथ्याशी पोचलात की कमरेवर हात ठेवून डोंगराकडे बघा आणि हसा. हे फार महत्त्वाचं. ‘एवढासा? 1,735 फूट?’ सिंहगड 4,300 फूट आहे हे मुलांना सांगा. खुद्द पुणंच सुमारे 1,800 फुटांवर आहे, म्हणजे आपला लक्ष्मी रोडसुद्धा या शिखरापेक्षा उंच, हेही सांगा. तुम्ही लक्ष्मी रोडवर रिक्षाने जात होता, हे सांगायची गरज नाही.

नावाचा अर्थही इथेच सांगून टाका. चेरोकी भाषेतून आलेलं नाव आहे, ‘एकटा उभा’ असा त्याचा अर्थ. आजूबाजूची जमीन सपाट आणि मध्येच हा आठशे फूट वर आलेला. 506वाल्यांनी ते नाव आपलं ब्रीद केलं आणि विमानातून उडी टाकताना तेच ओरडले. इथे तुम्हीही एकदा ‘कराही!’ असं खच्चून ओरडा. मुलगी तेरा वर्षांची असेल तर ती तेव्हाच गाडीत परत जाऊन बसेल. सहा महिन्यांसाठी आलेल्या तुमच्या आईला ‘कढई’ ऐकू येईल आणि ती विचारेल, ‘ती कशाला हवी होती? डब्यात सगळं आणलंय.’

आता चढाई. तीन मैल वर, तीन मैल खाली, असा इथला हिशोब प्रसिद्ध आहे. पोरं हे अंतर धावत करायची, पुन्हा पुन्हा, आणि मागे राहील त्याला रेजिमेंटमध्ये जागा नसे. तुम्हीही पहिली दोनशे पावलं धावा. व्हिडिओला तेवढी पुरतात. मग रस्ता खडीचा आहे हे तुमच्या लक्षात येईल. पायाखालचा खडा पाय टेकेपर्यंत गुमान पडून असतो, आणि भार पडला की नेमका निसटतो. अशा वेळी बुटाची नाडी बांधायला खाली बसावं. नाडी नीट बांधायला साधारण चार मिनिटं लागतात. तेवढ्यात आई पुढे जाईल. साडी, पायात तुमच्या मुलाचे जुने बूट, हातात केळ्यांची पिशवी. ती कोणाशीही स्पर्धा करत नाही. बघत बघत चालते. ‘ही झाडं कसली रे?’ असं विचारते. तुम्हाला बोलण्याइतका श्वास नसतो, म्हणून ‘जंगली’ एवढंच सांगा.

दर वळणाला इतिहास सांगत राहा. 20 जुलै 1942 ला रेजिमेंट उभी राहिली, 6 जून 1944 च्या पहाटे हीच पोरं नॉर्मंडीत अंधारात उतरली. मुलगा मध्येच विचारेल, ‘बाबा, ती किती वर्षांची होती?’ वीस, एकवीस, काही त्याहून लहान, असं खरं उत्तर आहे. यावर तो बराच वेळ गप्प होईल आणि मग हळूच आजीचा हात धरेल. इथे तुमच्या व्याख्यानात विनाकारण खंड पडतो. घाईने मोहिमेच्या शिस्तीकडे वळा.

माथ्यावर फार अपेक्षा ठेवू नका. संदेशवहनाचे मनोरे, त्यांच्या भोवती कुंपण, खडकांवर रंगाच्या फवाऱ्याने लिहिलेली प्रेमिकांची नावं. हे बघून मात्र आपलं माणूस भेटल्यासारखं वाटतं. पिठलं-भाकरी नाही, भजी नाहीत, मडक्यातलं दही नाही. ‘गडावर ताकसुद्धा मिळत नाही?’ असं आई विचारेल. जागतिक महासत्तेच्या या उणिवेवर तुमच्याकडे उत्तर नसेल. तुम्ही दशमी खा. सहा खा. डबे उतरताना हलके होतात, शिवाय ते तुम्हालाच उचलायचे आहेत, कारण चढताना ‘सैनिक आपलं सामान स्वतः वाहतो’ असं तुम्हीच म्हणाला होता.

उतरण सोपी असते असं सांगणाऱ्याचे गुडघे तपासून घ्यावेत. पहिल्या मैलात तुमचा डावा गुडघा बोलू लागेल, दुसऱ्यात उजवा त्याला अनुमोदन देईल. इथे मागून एक जुना पिकअप ट्रक येईल. पांढऱ्या मिशांचे गृहस्थ काच खाली करून विचारतील, खाली सोडू का? तुम्ही ताठ उभे राहून सांगा, आम्ही चालतच जाणार, तत्त्वाचा प्रश्न आहे. हे वाक्य पूर्ण होईपर्यंत आई पुढच्या सीटवर बसलेली असेल आणि त्या गृहस्थांना केळं देत असेल. बायको आणि दोन्ही मुलं मागे. बायको म्हणेल, ‘अरे, जागा नाहीये, आणि तुझा तत्त्वाचा प्रश्न आहे ना? आम्ही म्युझियममध्ये थांबतो.’ टकोआच्या जुन्या रेल्वे स्टेशनात ते संग्रहालय आहे. इंग्लंडात ही पोरं ज्या तबेल्यात राहिली, तो ऑल्डबोर्नचा तबेला तिथे आणून उभा केलाय. बघण्यासारखं आहे, असं तुमचे घरचे तुम्हाला नंतर सांगतील.

धूळ उडेल. मागच्या काचेतून मुलगी, सकाळपासून पहिल्यांदाच हसत, ‘कराही!’ असं ओरडेल. तुम्ही दोन्ही खांद्यांवर रिकामे डबे आणि हातात थर्मास घेऊन खडीच्या रस्त्यावर उभे असाल. मागे डोंगर.