नमुना

"शी तपासायला आणलीय ते कोण?" दवाखान्यातल्या बाईंनी भर गर्दीत पुकारा केला. सगळी बाकं माझ्याकडे वळली. डबी मी रुमालात गुंडाळून मांडीवर धरली होती, तेवढ्यावरून चोर सापडला.

गुन्हा मामुली होता. पाकिटातलं सुक्या भाज्यांचं सूप सकाळी केलं, उरलेलं ओट्यावर विसरलो, संध्याकाळी खळखळून उकळून प्यायलो. रात्रभर उलट्या आणि जुलाब.

शेजारच्या काकांनी सुनावणी सुरू केली.

"सुक्या वस्तूत जंतू? शक्यच नाही. पाण्यावाचून उंट मरतो, जंतूची काय कथा!"

"मरत नाहीत हो, दबा धरून बसतात. शुद्ध पाण्याची उपलब्धता 1 धरली, तर पदार्थातली ती 0.85 च्या खाली गेली की बहुतेक रोगजंतूंची वाढ थांबते, जीव जात नाही. साल्मोनेला सुक्या पदार्थात महिनोन्‌महिने तग धरतो. शिवाय सुकलेला असला की उष्णतेलाही लवकर दबत नाही. बॅसिलस सिरियस नावाचा जंतू तर बीजाणू करून, म्हणजे कडक कवचात शिरून, झोपतो. पाणी मिळालं की उठतो."

"म्हणजे कुंभकर्ण."

"तसंच."

"त्याला उठवायला ढोल लागले. तुम्ही काय वाजवलंत?"

"सूप कोमट ठेवलं."

"मग उकळायचं ना!"

"उकळलं होतं! पण त्यानं आधीच करून ठेवलेलं ओकारीचं विष उकळीला दाद देत नाही!" माझा आवाज चढला, आणि 'ओकारी' हा शब्द नेमका सगळे गप्प असताना पडला. एका आजींनी नातवाला जवळ ओढलं.

खरं तर चिडायचं त्या पाकिटावर. 'चविष्ट' हे बोटभर अक्षरांत आणि 'केल्यावर लगेच संपवा' हे मुंगीच्या पावलांएवढं, तेही घडीखाली. चष्मा लावून, दुसऱ्या दिवशी, पोट धरून वाचलं. आणि सुकवणं म्हणजे जंतूंना शिक्षा, असं आपण समजतो. प्रयोगशाळेत तेच जंतू वर्षानुवर्षं जपायचे असले तर गोठवून सुकवूनच ठेवतात! हे काकांना सांगितलं. काका पहिल्यांदाच गप्प झाले. मी जिंकलो, असं मला वाटलं.

तेवढ्यात बाईंनी डबी हातात घेतली. "झाकण नीट लावायचं हो. नमुना सुकला तर जंतू मरतात, मग काही सापडत नाही."

काकांनी हळूच माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाल्या त्या?"

सगळेच जंतू सारखे चिवट नसतात, नाजूकही असतात, हे मला त्यांना सांगायचं होतं. पण पोटात पुन्हा कळ आली.