रोप पोरांच्या हातात, सही थोरांच्या हातात

दर 5 जूनला, पर्यावरण दिनाला, आपल्या नाशकात ठरलेला कार्यक्रम असतो. कॉलेजची मुलं खड्डे खणतात, ज्येष्ठ मंडळी खुर्चीवरून मार्गदर्शन करतात, फोटो निघतो आणि आपण म्हणतो, बघा, दोन पिढ्या पर्यावरणासाठी एकत्र आल्या! मला हे अजिबात पटत नाही. एकत्र काम म्हणजे निर्णयात वाटा.

जुन्या माणसांकडे काय आहे ते आधी सांगते. गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला की पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं की गळ्याला, यावरून ही माणसं पूर मोजतात. 1969 चा महापूर आणि 19 सप्टेंबर 2008 चा पूर, दोन्ही पाहिलेली माणसं आपल्यात आहेत. कुठल्या कॉलनीखाली पूर्वी नाला वाहायचा, नासर्डी आणि वाघाडी या नद्या कुठे पसरायच्या, हे त्यांना तोंडपाठ आहे. त्यांच्याबरोबर मोबाईल घेऊन एक मुलगी फिरली, जागोजागी खुणा टाकत गेली, तर वॉर्डाचा असा नकाशा होईल की पावसाळ्याआधी कुठले नाले मोकळे करायचे यावर वाद राहणार नाही. आजोबा गेले की ही माहितीही गेली. म्हणून हे काम याच वर्षी व्हायला हवं.

आता द्राक्षबागांकडे या, कारण हवामानबदल आपल्या जिल्ह्यात सगळ्यात आधी तिथे दिसतो. 26 नोव्हेंबर 2023 ला निफाड भागात गारपिटीने उभ्या बागा झोडपल्या. 2025 ला मे महिन्यातच पाऊस लागून राहिला. एप्रिल छाटणीनंतर काडीत घड धरायला ऊन लागतं, ते मिळालंच नाही, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर कितीतरी बागांत घड मोजकेच निघाले. अशा वेळी बागेच्या कुठल्या कोपऱ्यात पाणी तुंबतं, डाऊनी हा बुरशीचा रोग आधी कुठे दिसतो, हे वडिलांना कळतं. मुलगा हवामानाचा अंदाज बघतो, प्लॅस्टिक आच्छादनाचा हिशोब मांडतो. दोघंही हुशार. पण सातबारा वडिलांच्या नावावर, गावच्या विकास सोसायटीचं कर्ज वडिलांच्या नावावर. पस्तिशीतला माणूस स्वतःच्या बागेसाठी परवानगी मागत फिरतो! सुनेला तर कुणी विचारतही नाही, आणि डबे भरण्यापासून विरळणीपर्यंत बाग तिच्या हातून गेलेली असते.

अधिकार हातात आला की काय होतं, हे आपल्याच जिल्ह्यात दिसलंय. वाघाड धरणावर बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या आणि पाण्याचं वाटप शेतकऱ्यांनी स्वतः हाती घेतलं. अशा संस्थांच्या संचालक मंडळात आता पंचविशीतली मुलं बसायला हवीत, आणि मुलीसुद्धा.

‘तरुणांना कशाचं काही नाही’ हे तर म्हणूच नका. नोव्हेंबर 2025 मध्ये सिंहस्थ कुंभमेळ्यात साधूंच्या मुक्कामासाठी उभारायच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडायचा विषय निघाला, तेव्हा रस्त्यावर कॉलेजची पोरं होती आणि त्यांच्या शेजारी पांढऱ्या केसांची माणसंही होती. 2003 आणि 2015 चा सिंहस्थ पाहिलेल्यांचा अनुभव आणि हरकती लिहून काढणारी तरुण मंडळी, हे दोन्ही तेव्हा एका जागी आलं. विरोधाच्या वेळी जमतं, मग रोजच्या कारभारात का नाही?

शहरातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. फ्लॅट आईवडिलांच्या नावावर, त्यामुळे गच्चीवरचं सोलर आणि बोअरचं पुनर्भरण यावर ज्यांना पुढची पन्नास वर्षं इथे काढायची आहेत त्यांना बोलायचा हक्कच नाही. मी आमच्या समितीला पत्र दिलंय: हे दोन विषय अजेंड्यावर घ्या, ते मांडायचं काम विशीतल्या मुलामुलींना द्या आणि खर्चाचा हिशोब तपासायला आमच्या इमारतीतले निवृत्त इंजिनिअर काका बसू देत. पत्राचा मसुदा हवा असेल त्यांनी कमेंटमध्ये सांगा, पाठवते. आणि तुमच्या सोसायटीत, गावात, बागेत मुलांच्या हाती एखादा निर्णय खरोखर गेला असेल, तर तेही जरूर लिहा.