सातारा–चरणपूर, मार्गे वाई

सातारा जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाने सिनेमाचा नाद करू नये. करायचाच असेल तर घरातल्या सगळ्यांना टीव्हीच्या खोलीबाहेर काढून, आतून कडी लावून करावा. आमच्या खोलीची आतली कडी दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या डेकोरेशनची दोरी बांधताना निखळली, ती अजून बसवलेली नाही. माझे सगळे हाल त्या कडीपासून सुरू होतात.

अडचण अशी आहे की बाकीच्या महाराष्ट्राला सिनेमात बिहार दिसतं आणि आम्हाला वाई दिसते. २००३ साली 'गंगाजल' आला. गोष्ट बिहारची, जमाव वाईकडचा. २०१० साली 'दबंग' आला. त्यातलं उत्तर प्रदेशातलं लालगंज म्हणजे परत वाई. २०१३ साली 'चेन्नई एक्सप्रेस' पार तमिळनाडूला गेली, आणि हिरॉईनचं गाव बघतोय तर वाईच. दहा वर्षांत एका तालुक्याने तीन राज्यं बदलली, सातबारे मात्र जिथल्या तिथे. वाईला पहिल्यापासून दक्षिण काशी म्हणतात. सिनेमावाल्यांनी त्यातलं 'दक्षिण' तेवढं काढून टाकलं. मराठी विश्वकोशाचं कार्यालयही तिथंच आहे, म्हणजे एका बाजूला जगाची माहिती लिहायचं काम चालू आणि दुसऱ्या बाजूला नदीकाठी बांबू लावून भारत उभा करायचं.

मी एस.वाय. बीएस्सीला आहे. सकाळी साडेसातला प्रॅक्टिकल, त्यात जर्नल अपुरं, त्यामुळे सरांची बोलणी, मग कॅन्टीनमध्ये एका चहात तिघं बसून 'इंटरव्हलनंतर पिक्चर पडला' या विषयावर लेक्चर बुडेपर्यंत चर्चा. (माझं मत : पिक्चर इंटरव्हलनंतर पडत नाही. तो आधीच पडलेला असतो, आपण समोसा खाऊन आल्यावर आपल्याला ते दिसतं.) जानेवारीत पुण्याला फिल्म फेस्टिव्हल असतो, तेव्हा पहाटेची स्वारगेट विनाथांबा पकडतो. विनाथांबा हे तिचं नाव आहे. खंबाटकी घाटात ती थांबते. मागच्या वर्षी एका हंगेरियन सिनेमाची पहिली चाळीस मिनिटं मी एका उसाच्या ट्रॉलीमागे बघितली.

इराणी सिनेमा मला फार आवडतो. मित्रांना सांगताना मी साधेपणा, मुलांचा अभिनय वगैरे कारणं देतो. खरं कारण हे की तिथलं गाव आमच्या घरात कुणाच्या ओळखीचं नाही. असं मला वाटायचं. एकदा मी तो सिनेमा लावला, ज्यात एक पोरगा चुकून आलेली मित्राची वही परत द्यायला डोंगरावरच्या नागमोडी वाटेने शेजारच्या गावाला पळत जातो. सारखा पळतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं. मागून पप्पांचा आवाज आला, "एवढं पळतंय बिचारं. वडाप नाही का तिकडं?"

पप्पा इरिगेशनमध्ये आहेत. वरिष्ठ लिपिक. त्यांना पडद्यावर नदी दिसली की हिरो-हिरॉईन दिसत नाहीत. घाटावर आरती चाललीये, शंख वाजतोय, हिरो गंगामैयाची शपथ घेतोय, आणि पप्पा म्हणणार, "धोम धरणातून आवर्तन सोडलेलं दिसतंय. एप्रिलचं शूटिंग आहे." पाठलागाच्या प्रसंगात तर त्यांच्याबरोबर बसूच नये. मोटारसायकल गावातून सुटते, हिरो ओरडतो की ट्रेन पकडायचीय, आणि गाडी लागते पसरणी घाटाला. "अरे, हा पाचगणीला चाललाय! तिकडं कुठली ट्रेन?" पुढची पंधरा मिनिटं हिरोला सुरूर फाट्यावरून कसं जवळ पडलं असतं ते ऐकायचं. व्हिलनही बिनडोक, तोही मागोमाग पाचगणीलाच.

आज्जीची तऱ्हा वेगळी. तिला जागा ओळखू येत नाहीत, नट येतात. "ह्यो मागच्या खेपेला मेला न्हवता का?" एवढं विचारून ती परत माळ ओढायला लागते.

तर यंदा कॉलेजात आम्हाला चित्रपट रसास्वाद हा दोन क्रेडिटचा विषय आहे. सरांनी सांगितलं, आवडत्या सिनेमातला एकच प्रसंग निवडा आणि पाचशे शब्द लिहा. मी 'स्वदेस' घेतला. २००४ चा. नासातला शास्त्रज्ञ उत्तर प्रदेशातल्या चरणपूर या खेड्यात येतो. चरणपूर म्हणजे वाईजवळचं मेणवली. आणि मेणवली म्हणजे माझ्या आईचं माहेर. एवढं माहीत असताना मी तो सिनेमा निवडला, यावरून माझी अक्कल कळावी.

रात्री साडेनऊला, सगळे जेवून आडवे झालेत असं बघून, आवाज अगदी बारीक ठेवून लावला. घाट दिसायचा अवकाश, आई उठून आली.

"आमचा घाट!"

जणू काही तो चोरीला गेला होता आणि आत्ताच पोलिसांनी आणून दिला. मग पप्पा आले. पप्पांनी रिमोट घेतला, चित्र थांबवलं, आणि वसईची मोहीम सुरू केली : १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तिथली घंटा या घाटावरच्या देवळात आहे, नाना फडणवीसांचा वाडा इथून इकडे. शाहरुख खान तोंड अर्धवट उघडं ठेवून सगळा इतिहास ऐकत होता.

सिनेमा तीन तासांहून मोठा आहे. आमच्याकडे तो साडेपाच तास चालतो. त्यात गावकरी डोंगरातल्या झऱ्याचं पाणी अडवून वीज तयार करतात तो प्रसंग आला. माझ्या मते आपल्याकडे कामाचं इतकं सुंदर चित्रण फार कमी वेळा झालंय. नुसतं खणणं, वाहणं, बांधणं, आणि शेवटी एक दिवा. पप्पा सरसावून बसले.

"अंदाजपत्रक कुठंय?"

"पप्पा, सिनेमा आहे."

"असू दे की. प्रशासकीय मान्यता नाही, तांत्रिक मान्यता नाही, निविदा नाही. कार्यारंभ आदेश कुणी दिला? उद्या तो जातोय अमेरिकेला, ऑडिटला कोण तोंड देणार?"

दिवा लागला. म्हातारीचा चेहरा उजळला. पप्पा म्हणाले, "मीटर नाही."

मला लिहायचा होता तो प्रसंग निराळा, याच्या आधीचा. गावात चादरीवर सिनेमा दाखवतात. चादरीच्या एका बाजूला गावातले वरचे लोक बसतात, आणि दुसऱ्या बाजूला ज्यांना या बाजूला बसू देत नाहीत ते. त्यांना सगळा सिनेमा उलटा दिसतो. तेवढ्यात लाईट जाते, आणि मग वर सगळ्यांना एकच आभाळ असतं. पाठांतर केल्यासारखा हा प्रसंग मला येतो. मी वही उघडली. आणि आईने मामाला फोन लावला. रात्री पावणेबाराला.

"दादा, तुझा सीन लागलाय."

मामाचं असं आहे की तो मेणवलीत द्राक्षाची बाग काढून टाकून हळद करतो आणि मधल्या वेळात गर्दी करतो. गर्दी हा त्याचा जोडधंदा आहे. तो बिहारी झालाय, उत्तर प्रदेशी झालाय, एकदा लुंगी नेसून तमिळही झालाय. सिनेमाबद्दल त्याची मतं जेवणावर ठरतात : "त्यो पिक्चर चांगला व्हता, दोन भाज्या व्हत्या." आणि या प्रसंगात तो तिसऱ्या रांगेत, डावीकडून चौथा आहे, असं त्याचं म्हणणं आहे. गेली कित्येक वर्षं आमचं कुटुंब त्याला तिथे शोधतंय. पण तो त्या शॉटमध्ये आहे, ज्यात लाईट गेलेली आहे.

"थांबव! मागं घे. हां, ती मुंडी!" आई म्हणाली.

"ती बाई आहे," पप्पा म्हणाले.

मामा फोनवर वाट बघत होता. मी फोन हातात घेतला आणि लेखासाठी म्हणून विचारलं, "मामा, तू चादरीच्या कुठल्या बाजूला होतास?"

"आरं, जिथं बशीवलं तिथं."

हे वाक्य मी लेखात जसंच्या तसं घातलं. रात्री दोनला पाचशे शब्द झाले. अंधाराबद्दल लिहिलं, चादरीबद्दल लिहिलं, उलट्या चित्राबद्दल लिहिलं. कॅमेरा वर जातो तेव्हा आपण कुठल्या बाजूला बसलोय हे आपल्याला आठवत नाही, असंही एक वाक्य होतं. ते मला स्वतःला इतकं आवडलं की मी त्याच्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि मग बरं दिसत नाही म्हणून खोडली.

आठ दिवसांनी पेपर हातात आले. दहापैकी सात. चादरीला काही नाही, आभाळाला काही नाही, खोडलेल्या रेघेच्या वाक्यावर साधी बरोबरची खूणसुद्धा नाही. 'तिसऱ्या रांगेत डावीकडून चौथा' याला मात्र लाल शाईने गोल, आणि समासात बारीक अक्षरात : 'चूक. ते आमचे साडू आहेत. प्रत्यक्ष भेटणे.'

मी प्रत्यक्ष भेटलो. सरांनी मोबाईलवर तोच शॉट काढून दाखवला. काळा पडदा होता. "हे बघ," ते म्हणाले, आणि अंधारात एका ठिकाणी बोट ठेवलं. बोट ठेवल्यावर तर काहीच दिसेना. मी म्हणालो, "हो सर." तीन मार्क त्यांच्याकडे अजून शिल्लक होते.

संध्याकाळी मामाला फोन करून सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता.

"कोण? त्यो भुईंजचा? आरं, त्यो जेवणाच्या लायनीत व्हता. शूटिंग संपस्तवर लायनीतच व्हता. सांग तुझ्या सरास्नी."

"बरं."

"आन् आईक. नवं शूटिंग आलंय. पोरं पायजेत, धा-पंधरा. चार दिस, दोन टायमाचं जेवान. दाढीवाली पायजेत म्हनले."

"कुठलं राज्य आहे?"

"त्ये न्हाय इचारलं. लुंगी न्हाय एवढं नक्की."

गुरुवारपासून आमची इंटर्नल सुरू होतेय आणि जर्नल अजून अपुरंच आहे. आज सकाळी आईने विचारलं, चार दिवस झाले, दाढी का करत नाहीस. म्हटलं, ब्लेड संपलंय.