स्पीड नकोय हो, पिंग बघा पिंग!

इंटरनेट कंपनीकडे तक्रार केली की उत्तर ठरलेलं, "सर, तुमच्याकडे स्पीड तर पूर्ण येतोय." अरे बाबा, स्पीडची तक्रार केलीय कोणी? दोनशे एमबीपीएस येतात, मान्य. पण रात्री नऊ वाजले की पुण्यातून मुंबईच्या सर्व्हरला पिंग, म्हणजे डेटाच्या एका तुकड्याला (पॅकेटला) जाऊन परत यायला लागणारा वेळ, शंभर मिलिसेकंदांच्या वर जातं, त्याचं काय करू? मी "हॅलो" म्हणायचं, पलीकडच्याने त्याच वेळी "हॅलो" म्हणायचं, मग दोघांनी गप्प बसायचं, मग पुन्हा दोघांनी एकदमच "बोला बोला". मीटिंग आहे की पहिले आपचा खेळ?

पुणे ते मुंबई अंतर किती? दीडशे किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे जाऊन-येऊन दीड मिलिसेकंद. वायर वळसे घेत जाते, मधे राउटर लागतात, सगळं धरून दहा म्हणा. उदार होऊन वीस म्हणा! ट्रेसरूट, म्हणजे पॅकेट कुठून कुठून जातं त्याची यादी, काढून पाहिला तर आमचं पॅकेट आधी चेन्नई, तिथून सिंगापूर, आणि मग परत मुंबईला. द्राविडी प्राणायाम नुसता. का, तर दोन कंपन्यांचं मुंबईत आपसात पटत नाही. देशातली ट्रॅफिक देशातच राहावी म्हणून 2003 साली निक्सी, म्हणजे इंटरनेट कंपन्यांनी आपसात ट्रॅफिक द्यायची-घ्यायची जागा, काढली ना? मग जोडा की तिथे नीट! पण तिथल्या जोडणीचे, पोर्टचे, पैसे कोण भरणार?

आणि नियम तर काय वर्णावेत. दूरसंचार नियामक ट्रायच्या 2006 च्या नियमांत लेटन्सीची, म्हणजे याच उशिराची, मर्यादा होती 120 मिलिसेकंद. मोजायची कुठून? कंपनीच्या स्वतःच्या नोडपासून, म्हणजे केंद्रापासून, पुढे! तिथून माझ्या घरापर्यंत जो काही आनंदीआनंद असेल तो माझ्या नशिबाचा. 2024 मध्ये नवे नियम आले, पण आमच्या गल्लीतल्या कंपनीच्या डब्याला त्याची खबर नसावी.

वर घरातला तमाशा वेगळाच. बायकोच्या फोनने गावच्या लग्नाचे व्हिडिओ क्लाउडवर चढवायला घेतले की माझं पिंग चारशे. कारण कंपनीने दिलेला तो फुकटातला राउटर पॅकेट टाकून देत नाही, रांगेत साठवत बसतो, आणि माझी पॅकेटं त्या रांगेत मागे अडकतात. यावर उपाय आहे, एफक्यू-कोडेल नावाचा, रांग लांबू न देणारा, 2018 पासून आरएफसीत, म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांत, लिहिलेला, लिनक्समध्ये फुकट मिळणारा. पण यांच्या राउटरला अ‍ॅडमिन पासवर्डच देत नाहीत. मागितला तर म्हणे, "सिक्युरिटी पॉलिसी आहे सर."

शेवटी लाइनमन आला. मोबाइल काढला, कंपनीच्याच सर्व्हरवर स्पीड टेस्ट मारली, काटा दोनशेवर गेलेला दाखवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच खोटारडा. मी कमांड विंडो उघडून एकेक आकडा दाखवतोय, 38, 41, 212, 39, 305, आणि हा विचारतो, "साहेब, यात नेट कुठे बंद आहे?" लॅन केबल लावूनच मोजलंय म्हटलं तरी जाता जाता वायफायचा चॅनल बदलून गेला. आकडे एवढे उड्या मारतात म्हणून तर आवाज तुटतो! एकसारखे साठ आले असते तरी मी हूं की चूं केलं नसतं.

परवा फोन आला, "सर, पाचशे एमबीपीएसचा प्लॅन घ्या, प्रॉब्लेम सॉल्व्ह होईल." कंपनी बदलावी म्हटलं, तर बिल्डरने सोसायटीच्या डक्टमध्ये यांचीच वायर टाकून ठेवलीय, दुसऱ्याला आत घ्यायचं तर कमिटीचा ठराव लागतो. आणि वर्षाचे पैसे आगाऊ भरून बसलोय.